तमाशा कलावंत आजारी पडला तर पहिल्या रात्रीचा पैसा कुठून आणायचा?

शिवनेरीपायथा

नमस्कार मंडळी. मी जुन्नर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. माहेर तमाशाच्या फडातलं. वडील ढोलकीवर होते, आत्या गौळणीत उभी राहायची. त्यामुळे कुठल्याही फडातलं कुणी आजारी पडलं की अर्ज लिहायला, फोन लावायला माझ्याकडे निरोप येतो. आजवर ज्याचं त्याचं काम तेवढ्यापुरतं निभावलं. आता असं चालणार नाही असं वाटतं, म्हणून धागा काढते आहे.

मागच्या जत्रांच्या हंगामात एक फड मराठवाड्यातल्या एका गावी होता. वग (तमाशातलं नाटक) संपत आला होता, पहाटेची वेळ. ढोलकीवाल्या दादांच्या छातीत कळ आली, घाम फुटला. मॅनेजरने गाडी काढली आणि तालुक्याच्या गावात जो पहिला मोठा दवाखाना दिसला तिथे नेलं. तिथे म्हणाले, आधी पन्नास हजार भरा, मग पुढचं. रात्रीच्या खेळाचे पैसे, मालकाकडचे डिझेलचे पैसे, बायांनी कनवटीचे सोडून दिलेले पैसे, असं सगळं मिळून ते भरले. हा दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. मग योजनेतल्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, तर रेशनकार्ड सांगोल्याकडच्या घरी पेटीत. घरच्यांनी फोटो पाठवला. काउंटरवर अंगठा लावायला सांगितलं, यंत्र अंगठा घेईना. मुलगी बसली होती ती भली होती, तिने हात पुसायला ओला कपडा दिला, एकेक करून दहाही बोटं लावून पाहिली. आयुष्यभर ढोलकीच्या पानावर बोटं आपटलेली, टोकं गुळगुळीत आणि घट्टे पडलेली. एकही ठसा उमटला नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना, बंद पडलेला, म्हणून ओटीपीही येईना. शेवटी डोळ्याच्या यंत्रावर ओळख पटली आणि मंजुरी आली. स्टेंट पडला, दादा वाचले. दुसऱ्या दवाखान्यात एक रुपया लागला नाही.

पण पहिल्या दवाखान्यातल्या त्या दीड दिवसाचं जे बिल झालं ते फडमालकाकडून उचल, म्हणजे पुढच्या कामावरची आगाऊ रक्कम, घेऊन भागवलं. ती उचल पुढच्या दोन हंगामांवर आहे आणि डॉक्टरांनी वाजवायला मनाई केली आहे. आता ते फेडणार कसे?

एवढ्या वर्षांत मला जे दिसलं ते असं : योजना आहेत, पैसाही आहे, पण पहिल्या रात्री दवाखान्याच्या दारात त्यातलं काहीच हाताशी नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागद जमेपर्यंत माणूस कर्जात गेलेला असतो. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत यावर काय करता येईल? ज्यांना दवाखान्याच्या आतली माहिती आहे, ज्यांनी स्वतः हे भोगलं आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवृत्त_समाजसेवक

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून नोकरी केली. वाघ्यामुरळी, गोंधळी, बँडवाले, दशावतारी, सगळे माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत. थोडं लांबेल, पण सगळं एका जागी लिहितो.

सर्वात आधी जनआरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून महात्मा फुल्यांचं नाव. पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होते, आता ५ लाख आहेत. पूर्वी पिवळं-केशरी कार्डच चालायचं, आता पांढरं कार्डही चालतं. म्हणजे रेशनकार्ड आहे त्याला दार उघडं आहे. मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. योजनेत ठरवून दिलेलेच उपचार बसतात आणि ते योजनेतल्याच रुग्णालयात होतात. ‘मोठा दवाखाना’ म्हणजे योजनेतला दवाखाना असं नसतं. कधी कधी चार खोल्यांचं हृदयरोग केंद्र योजनेत असतं आणि समोरची काचेची इमारत नसते. म्हणून गाडीत बसतानाच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावायचा, गावाचं नाव सांगायचं आणि जवळचं योजनेतलं रुग्णालय विचारायचं. रुग्णवाहिका १०८, पैसे लागत नाहीत. आत गेल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, काउंटर शोधायचा. जिवावरचं असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं आणि रात्रपाळीचा माणूस आपणहून सांगेलच असं नाही. आपण विचारायचं.

घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार पुरतं. कितीतरी जुन्या कलावंतांना हे लागू होतं.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. पुण्या-मुंबईतली पुष्कळ नावाजलेली रुग्णालयं विश्वस्त संस्थांची आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक. पहिल्याला उपचार मोफत, दुसऱ्याला सवलतीत. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण हे दाखल होताना सांगायचं असतं. डिस्चार्जच्या दिवशी, बिल हातात पडल्यावर ‘आम्ही गरीब आहोत’ म्हणणारे नातेवाईक मी फार पाहिले आणि त्या वेळी फारसं काही करता येत नाही.

तिसरा मुख्यमंत्री सहाय्यता निधी. वरच्या दोन्हींत बसत नसेल तेव्हा हा. उत्पन्नाची अट १ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे कागद आणि रुग्णालयाने दिलेलं खर्चाचं अंदाजपत्रक. रुग्णालय खासगी असेल तर ते अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यायचं. पैसा रुग्णाच्या हातात येत नाही, थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो. उपचार संपून घरी गेल्यावर झालेला खर्च परत मिळत नाही. त्यामुळे अर्ज रुग्ण खाटेवर असतानाच गेला पाहिजे.

आता बघा, तिन्ही ठिकाणी काय लागतं? रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, चालू नंबर जोडलेलं आधार. तिन्ही गोष्टी घरी बसून, आजार नसताना करायच्या आहेत. आणि आपला कलावंत दसऱ्यापासून वैशाखापर्यंत घरी नसतो.

कृष्णाकाठ

विठाबाई नारायणगावकर. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई. २००२ च्या जानेवारीत वारल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावं लागलं. राज्य सरकार आज तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देतं. पुरस्कार हवाच, दिलाच पाहिजे. पण हे आठवलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, तर ज्याचं नाव पोस्टरवर कधी आलं नाही त्या हलगीवाल्याचं, पेटीवाल्याचं, तंबू ठोकणाऱ्या गड्याचं काय होत असेल?

तंबू ठोकणाऱ्यांचं आवर्जून म्हणतो आहे. कलावंतांसाठी काही करायचं निघालं की रंगमंचावरचे मोजले जातात. राहुटी उभारणारे, जनरेटर बघणारे, ड्रायव्हर, आचारी यांना कुणी कलावंत धरत नाही. विजेचा धक्का आणि गाडीचा अपघात त्यांच्याच वाट्याला जास्त येतो. जे काही कराल त्यात त्यांना धरा एवढी हात जोडून विनंती.

बारीवाली

मी संगीत बारीत, म्हणजे कला केंद्रावरच्या लावणीच्या कार्यक्रमात, गाते. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

काकांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे पण आमची अडचण त्याच्याही अलीकडे सुरू होते. आमच्या पार्टीत सगळ्या जणी एका कला केंद्रावर राहतो. रेशनकार्ड आईच्या नावावर, आई गावी. माझं नाव कार्डावर होतं, ते मधे ई-केवायसी झालं नाही म्हणून कटलं असं दुकानदार सांगतो. आम्ही तारखेला तिथे नव्हतो, बारी चालू होती. माझ्या मुलांच्या कागदांवर माझंच नाव लावलेलं आहे, त्यावरून कचेरीत जे प्रश्न विचारतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. म्हणून बायका जायलाच नको म्हणतात. आमच्यातल्या एकीला गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, ती दाखल्यासाठी दोनदा जाऊन आली आणि मग नादच सोडला. व्याजाने पैसे काढून खासगीत केलं. शेकडा दहा महिन्याला.

उत्पन्नाच्या दाखल्याचं पण असंच. उत्पन्न किती लिहायचं? आमची पावती नसते, पगाराची स्लिप नसते. तलाठी म्हणतो अंगावर दागिने दिसतात. ते दागिने खोटे असतात हो, ते आमचं कामाचं सामान आहे.

आणि एक. कृपा करून आजारी बाईचा फोटो टाकून मदत मागू नका. मागे एकीचा नळ्या लावलेला फोटो ग्रुपवर फिरवला. पैसे आले थोडे, पण बरी होऊन ती परत बारीला उभी राहिली तर लोक तोच फोटो दाखवायला लागले.

निवृत्त_समाजसेवक

बारीवाली ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे, चुकण्यासारखं त्यात काही नाही.

रेशनकार्डाचं सांगतो. कटलेलं नाव परत चढवता येतं, ई-केवायसी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येते, त्यासाठी गावच्याच दुकानात जायला पाहिजे असं नाही. स्वतंत्र कार्ड हवं असेल तर आईच्या कार्डातून नाव कमी करून घ्यायचं आणि जिथे राहता तिथे नवीन अर्ज करायचा. बाई कुटुंबप्रमुख असू शकते. नवऱ्याचं नाव विचारण्याचा तिथे कुणालाही अधिकार नाही. आईचं नाव लावलेली मुलं त्याच कार्डावर येतात. अडवलं तर लेखी कारण मागा. लेखी मागितलं की निम्मे अडवणारे गप्प होतात.

दाखल्यासाठी पावती नसली तरी स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल यावर काम होतं. तलाठ्याकडे एकटीने जाऊ नका, सगळ्या जणी एका दिवशी जा आणि केंद्रचालकाचं पत्र सोबत न्या.

ज्यांना बोटांच्या ठशांचा त्रास आहे त्यांनी आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने घ्यावेत आणि त्याच फेरीत चालू मोबाइल नंबर जोडून यावा. ढोलकीवाले, संबळवाले, गवंडी, सगळ्यांना हा त्रास असतो. नंबर जोडलेला असला की ठशावाचून अडत नाही.

मांडवीतीर

फोंड्याहून लिहिते आहे. आमच्याकडे थोडी वेगळी सोय आहे, सीमेवरच्या लोकांना कळावी म्हणून सांगते. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख वर्षाला. पाच वर्षं गोव्यात राहिलेला कुणीही कार्ड काढू शकतो, गरिबीची अट नाही. कला व संस्कृती खात्याची कला सन्मान योजना आहे, तिच्यातून वयस्क कलाकारांना दर महिन्याला मदत मिळते. माझ्या वडिलांना (संगीत नाटकात ऑर्गन वाजवायचे) त्याचा औषधांना फार आधार झाला.

पण अडकतात ते सिंधुदुर्गातले दशावतारी. नाटक गोव्यातल्या जत्रेत, आजारी पडले तर जवळ बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), आणि कागद सगळे कुडाळ-सावंतवाडीचे. गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागतं. आमच्या देवळाच्या समितीने म्हणून एक साधी गोष्ट केली. जत्रेच्या नाटकाची बोलणी करतानाच मंडळींच्या प्रमुखाकडून नटांची नावं, रक्तगट, चालू औषधं आणि घरच्याचा नंबर असा एक कागद घेतो, आणि आमच्याकडचा एक माणूस रात्रभर गाडीसह थांबतो. ज्या गावाने नाटक बोलावलं त्या गावाची ही जबाबदारी आहे असं माझं मत आहे. देवाच्या उत्सवाला आलेला माणूस आपला पाहुणा.

फडाचा_थोरला

मी फडमालकाच्या घरचा. आता मीच बघतो सगळं. वर उचलीचं आलं म्हणून लिहितो.

उचल म्हणजे मालक पिळवणूक करतो असं बाहेरच्यांना वाटतं. ताई, तुम्ही फडातल्या आहात, तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याला तंबू बाहेर काढायच्या आधी मी स्वतः व्याजाने पैसे उचलतो. गाड्यांची पासिंगं, कनात, लाइट, आणि कलावंतांच्या उचली. त्या दिल्याशिवाय कलावंत येत नाही कारण त्याचं पावसाळ्यातलं देणं तोवर तुंबलेलं असतं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या पडतात, गावोगावचे पंच सुपारी (खेळाचा करार) ठरवायला येतात, तेव्हा कुठे हातात रोकड दिसते. २०२० आणि २०२१ चे जत्रांचे हंगाम पूर्ण गेले. अजून त्या देण्यातून फड बाहेर आलेले नाहीत.

अशात पहाटे कुणी छाती धरून बसला तर मी पैसे देतोच. माणूस मरू देईन का? पण ते पैसे उचलीत लिहावे लागतात कारण माझ्याकडेही दुसरीकडून आलेले असतात. मला ते लिहिताना बरं वाटत नाही. आजारपणाचं देणं उचलीत धरायचं नाही, त्यासाठी वेगळी पेटी पाहिजे, हे मी कितीतरी दिवस बोलतो आहे. एकट्या फडाच्या बळावर ते होत नाही. पाच-सहा फड एकत्र आले तर होईल.

माझ्या डोक्यात असं आहे : प्रत्येक खेळामागे २०० रुपये वेगळे काढायचे. दीडशे खेळ धरले तर एका फडाचे हंगामाला ३० हजार होतात. सहा फडांचे १ लाख ८० हजार. त्यातून कुणालाही पहिल्या रात्री २० हजारांपर्यंत मिळावेत, आणि ते उचल म्हणून नव्हे.

दुसरं, आमच्या गाड्या रात्रभर चालतात. अपघाताचं काय?

वकिलीण_वाई

अपघाताचं मी सांगते. मे २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कुणालाही अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. उत्पन्न, कार्ड काही लागत नाही. पोलिसांना मात्र कळवलं पाहिजे, त्यांच्या नोंदीवरून पुढचं होतं. शिवाय बँकेत खातं आहे त्या प्रत्येकाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्यावा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. पैसे खात्यातून आपोआप वळते होतात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक ठेवायची. फडात मी विचारलं तेव्हा बऱ्याच जणांचे विमे खात्यात २० रुपये नसल्यामुळे बंद पडलेले निघाले.

थोरल्या दादांच्या पेटीबद्दल. कल्पना चांगली आहे, पण पैसा एका माणसाच्या नावावर ठेवू नका. आज सगळे एकमेकांच्या शब्दावर आहेत, उद्या हिशोबावरून दोन घरं तुटतात. पहिल्या वर्षी पतपेढीत किंवा बँकेत तिघांच्या सहीचं खातं काढा, त्यात एक सही मालकांची, एक कलावंतांची आणि एक बाहेरच्या माणसाची. कलावंतांची सही शक्यतो बाईची असावी. वर्षभर नीट चाललं की सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करा. नियम एका पानावर मावतील एवढेच करा : कुणाला, किती, कोण ठरवणार, आणि किती वेळात. पैसे रात्री दोनला लागणार असतील तर सभा घेऊन ठराव करायला वेळ नसतो. दोघांनी फोनवर हो म्हटलं की पैसे सुटले पाहिजेत.

आणि रुग्णालयाने बिलासाठी माणूस अडवून ठेवला तर घाबरू नका. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही हे तर राज्याच्या शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या नियमांतच आहे. जिवंत रुग्णाला कोंडून ठेवणंही बेकायदा आहे. वसुलीचे मार्ग त्यांना कायद्याने वेगळे आहेत. लेखी अर्ज द्या, पोलीस ठाण्यात कळवा.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितो. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी लावणीचा कार्यक्रम हमखास असतो, शिट्ट्या पडतात, आणि ही कला ज्यांची आहे त्यांच्या दवाखान्याची ही अवस्था वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्यापैकी पुष्कळ जण पैसे द्यायला तयार आहेत. त्या खात्यात थेट पाठवले तर चालतील का?

वकिलीण_वाई

दादा, भावना पोचली. पण घाई नको. परदेशी योगदान नियमन कायदा २०१० चा आहे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी योगदान धरले जात नाहीत. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्यांचे, आणि तुमच्या मंडळाच्या खात्यातून आलेले पैसे मात्र परदेशी धरले जातात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी. ते घ्यायला संस्थेची वेगळी नोंदणी लागते. आपल्या या तिघांच्या खात्यात तसे पैसे आले तर पेटी सुरू होण्याआधीच अडचणीत येईल. तेव्हा सध्या फक्त भारतीय नागरिकांनी, स्वतःच्या खात्यातून, नाव कळवून द्यावेत. बाकीच्यांना वेगळ्या तऱ्हेने मदत करता येईल : पुढच्या गणपतीत फडातली माणसं बोलावली तर त्यांचा प्रवासी आरोग्य विमा मंडळाने काढावा आणि मानधन पूर्ण द्यावं.

कृष्णाकाठ

फोटोच्या मुद्द्यावर बारीवाली ताईंना पूर्ण पाठिंबा. तरी एक शंका आहे. यकृत, मूत्रपिंड, कर्करोगाचं लांबलेलं दुखणं, अशा वेळी २० हजारांची पेटी पुरणार नाही. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर मागणी टाकावीच लागेल आणि तिथे फोटोशिवाय पैसे येत नाहीत असं ऐकतो. मग काय करायचं?

निवृत्त_समाजसेवक

मोठ्या दुखण्यांना आधी सरकारी दारं पूर्ण ठोठवायची. कर्करोगाचे बरेचसे उपचार जनआरोग्य योजनेत बसतात. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीतून हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोग यांना मदत मिळते. मुख्यमंत्री निधीतून मोठ्या प्रत्यारोपणाला २ लाखांपर्यंत मिळू शकतात. हे सगळं करून उरलेली रक्कम नक्की किती, हे कागदावर मांडल्याशिवाय लोकांपुढे जाऊ नये. माझा अनुभव असा की ‘अमुक ऑपरेशन, एकूण एवढे, योजनेतून एवढे, उरले एवढे, रुग्णालयाचं खातं हे’ असं स्वच्छ लिहिलं की देणारे फोटो मागत नाहीत. फोटो लावायचाच तर कलावंताच्या संमतीने, रंगमंचावरचा लावा. ढोलकी गळ्यात असलेला, फेटा बांधलेला.

आणि मानधनाचं विसरू नका. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत वयाची पन्नाशी झालेल्या कलावंताला आता महिन्याला ५ हजार मिळतात. दवाखान्याचं बिल त्यातून भागत नाही, पण रक्तदाब-साखरेच्या गोळ्या बंद पडल्या की तीच माणसं पुढे झटका येऊन दाखल होतात. गोळ्या चालू राहिल्या तरी पुष्कळ झालं. अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात. जुनी हँडबिलं, जत्रेची पोस्टरं, आकाशवाणीचे करारपत्र, वर्तमानपत्रातली कात्रणं. फडमालकांनी जुनी हँडबिलं रद्दीत घालू नयेत.

शिवनेरीपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून फार धीर आला. मी थोरल्या दादांशी आणि आणखी दोन फडांशी फोनवर बोलले. ठरलं ते असं.

आता पाऊस आहे, माणसं घरी आहेत, तालमी सुरू व्हायला अवकाश आहे. हीच कागदांची वेळ. नारायणगावात एका शाळेच्या वर्गात शिबिर लावते आहे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागू त्यांची वय वंदना कार्डं आणि मानधनाचे अर्ज, हे सगळं एका छताखाली. ई-सेवा केंद्राचा मुलगा यंत्र घेऊन बसायला तयार झाला आहे. आधारच्या ठशांसाठी मात्र केंद्रावरच जावं लागेल, त्यासाठी थोरले दादा गाडी देणार आहेत. तंबूवाले, ड्रायव्हर, आचारी सगळे यात धरले आहेत, कृष्णाकाठ दादा.

प्रत्येक माणसाच्या कागदांच्या दोन झेरॉक्स. एक संच घरी, एक फडाच्या सामानाच्या पेटीत मॅनेजरकडे. फोटो मोबाइलमध्येही, कारण पेटी कधी पुढच्या गाडीत असते आणि आजारी माणूस मागच्या. मांडवीतीर ताईंच्या समितीसारखा रक्तगट आणि चालू औषधांचा कागद त्याच संचात.

मॅनेजरच्या मुक्कामांच्या वहीत गावाचं नाव, पंचांचा नंबर आणि सुपारीची रक्कम असते. त्याच ओळीत यंदापासून आणखी एक रकाना : तिथून जवळचं योजनेतलं रुग्णालय. ही नावं काढायचं काम आमच्या शाळेतल्या दोन शिक्षकांनी अंगावर घेतलं आहे, मुक्काम ठरतील तशी भरत जाऊ. ढोलकीवाले दादाच आता ही वही सांभाळणार आहेत. वाजवता येत नाही, पण मुक्काम आणि रस्ते त्यांना तोंडपाठ आहेत. थोरल्या दादांनी त्यांना मॅनेजरच्या हाताखाली ठेवून घ्यायचं कबूल केलं आहे आणि पहिल्या दवाखान्याची उचल निम्मी माफ केली आहे. उरलेल्या निम्म्याचं बघू.

पेटीचं खातं वकिलीणताईंनी सांगितलं तसं तिघांच्या सहीने. कलावंतांकडून बारीवाली ताईंनी सही करावी असं मला फार वाटतं. त्या फडात नाहीत, बारीत आहेत, पण दुखणं सारखंच आहे आणि बारीच्या पार्ट्याही यात आल्या तर पेटी मोठी होईल. ताई, कराल का?

बारीवाली

करीन. आमच्या केंद्रावरच्या बायकांना विचारलं, त्या महिन्याला पन्नास-पन्नास द्यायला तयार आहेत. शिबिराला सगळ्यांना घेऊन येते. फक्त तारीख शनिवार-रविवारची नको, तेव्हा बारी असते.

फडाचा_थोरला

मंगळवार ठेवा. आमच्या फडाची यादी आज रात्री पूर्ण करतो. दोन अडचणी आहेत. एक पेटीमास्तर (हार्मोनियमवाले) मूळचे विजापूरकडचे, कार्ड कर्नाटकातलं. आणि एक पोरगा लहानपणापासून फडात वाढला, त्याच्याकडे कसलाच कागद नाही, जन्माचा दाखलासुद्धा नाही. त्यांना शिबिरात आणू का?

निवृत्त_समाजसेवक

दोघांनाही आणा. मास्तरांचं आयुष्मान कार्ड आधीच निघालेलं असू शकतं, आधारवरून तिथेच तपासू. ते असेल तर देशभर योजनेतल्या रुग्णालयांत चालतं. पोराचं काम लांबेल, त्याची सुरुवात जन्मनोंदीपासून करावी लागेल. तो कुठल्या गावी जन्मला हे फडातल्या जुन्या बायकांना विचारून ठेवा, आणि तो कधी शाळेत गेला असेल तर त्या शाळेचं नाव. मी मंगळवारी सकाळीच येतो.